‘पहाटेचं दळण’ बंद केलंस त्याबद्दल

पहिलं मला हे सांग, तुझ्या रेडिओतली ती बया सकाळी साडेपाचला एवढी खिदळती कशापायी? तिला कुणी गुदगुल्या करायलंय का? मी म्हशीखाली बसते, बटन पिरगाळते, की लागली ही. परवा म्हणली, बाहेर कशी मस्त रिमझिम लागलीय, गरमागरम कॉफी घ्या आणि आपल्या माणसाचा हात हातात घ्या. मी गोठ्याबाहेर मान काढून बघितलं. चैताचं कोरडं ठाक आभाळ, टिपूस न्हाई. कॉफी कुणाला पाजू, म्हशीला? आणि आपला माणूस म्हणशील तर तुझा आजोबा जाऊन कैक वर्षं झाली, त्याचा हात आता कुठून आणू? तेवढ्यात ती ‘लव्ह यू परभणी’ म्हणून अशी किंचाळली की म्हशीनं लाथ झाडली आणि चरवी आडवी. सगळं दूध शेणात. त्याचा जाब मी तुलाच विचारणार, तिला न्हाई. ती पगारी हाय. तू घरची हायस.

प्रिय अर्पिता,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. चौथीत बाईंनी तेवढंच शिकवलं होतं, पुढं शाळा सुटली ती सुटलीच. फोन करावा तर तू म्हणतीस, आजी, मी मीटिंगमधी हाय, नंतर करते. ते नंतर काही उगवत न्हाई. कागदाला मीटिंग नसती. आणि बोटानं वर सरकवून ह्यातून सुटताही येत न्हाई, तवा बस आणि वाच. इकडं पिंगळीत सगळं ठीक हाय. तुझ्या बापाचा, योगीराजाचा गुडघा दुखायलाय, पण पारावर पत्ते खेळताना दुखत न्हाई, फक्त वैरण आणायची म्हणली की दुखतो. हळद शिजवून झाली. त्या हळदीचं काय झालं ते पुढं सांगते, त्यातही तुझा हात हाय.

तू लहान होतीस तवा ह्याच रेडिओचं नाव ‘गोदाकाठ’ होतं. आता कायतरी इंग्रजी टिळा लावलाय तुमी त्याला, माझ्या जिभेला तो वळत न्हाई आणि वळवायचाही न्हाई. तवा त्यावर मोंढ्यातला भाव सांगायचे, आभाळाचं सांगायचे, कुणाचा बैल दावं तोडून गेला, कुणाच्या घरी वाईट झालं, तेराव्याला कधी यायचं, सगळं सांगायचे. आणि पहाटे ‘पहाटेचं दळण’. जातं कुणीच फिरवत न्हवतं तवाही, सगळ्यांचं पीठ गिरणीतूनच यायचं, पण ओव्या बायांच्या तोंडात होत्या. रेडिओचा माणूस बन्सीधर फटफटीवर गावोगाव हिंडायचा, बायांच्या तोंडापुढं ते काळं यंत्र धरायचा आणि म्हणायचा, आक्का, होऊन जाऊ द्या. चहाचा लय हावरा आणि बोलण्यात लय लबाड. एका घरचं दुसऱ्या घरी पोचवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत न्हवतं. पण तो आला की बाया हातातलं टाकून पुढं व्हायच्या. तुझ्या आताच्या बयेसाठी कुणी हातातलं झाडणंसुद्धा खाली ठेवत न्हाई.

बोरीच्या आजीचं आणि माझं कशावरनं बिनसलं, हे तुला अर्धंच ठाऊक हाय. कस्तुरा, माझी धाकटी बहीण. तिच्या पोरीच्या बाळंतपणात मी तिला हिरवं लुगडं नेलं होतं. नवं कापड देताना कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं असतं. बाकीच्या बाया एक बोट लावून मोकळ्या होतात. मी तशी न्हाई. मी दोन बोटं हळदीची लावते आणि मधी एक कुंकवाचं. आमच्या आईची ती पद्धत, आणि आईमागं ती एकटी मीच पाळते, कस्तुरानं कधी पाळली न्हाई. पुढं आदिनाथाचं, तिच्या पोराचं लग्न निघालं. थोरली मावशी म्हणून मंडपात मला पाटावर बसवलं, ओटी भरली, आहेराचं लुगडं मांडीवर ठेवलं. हिरवं. मी कोपरा उलटून बघितला. दोन हळदीची, मधी एक कुंकवाचं. माझंच लुगडं मला! ती म्हणती, पेटीत चळत होती, गडबडीत वरचं उचललं गेलं. असंल. पण मला राग लुगड्याचा न्हवता. एवढ्या वर्षांत तिनं त्याची घडीसुद्धा मोडली न्हवती, त्याचा होता. मी उठले, सगळ्या मंडपापुढं ते झटकलं, तीन बोटं बायांना दाखवली आणि लुगडं तिच्या पदरात टाकलं. ती म्हणली, दिलेलं ओळखत बसणाऱ्या बाईनं देऊच न्हाई. झालं. मी न जेवता पिंगळी गाठली. तवापासून अबोला. आणि मी केलं ते बरोबरच केलं, आजही मंडपात बसवलंस तर तेच करीन.

आता अबोला म्हणजे बोलायचं न्हाई. गायचं न्हाई असं कुठं ठरलंय? बन्सीधर बोरीला गेला, कस्तुरानं त्याच्या यंत्रात तोंड घातलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी शेण काढायले तर तिचा आवाज गोठ्यात.

देणाऱ्या हातानं, गं बाई, विसरून जावं दान
थोरली बहीण माझी, मागं वळून मोजी वाण

माझ्या हातातलं शेण हातातच राहिलं. सगळ्या शिवारात मला वाजवलं तिनं! मी बन्सीधराची वाट बघत बसले. तो आला, मी त्याला चहाच्या आधी यंत्र काढायला लावलं.

बोरीच्या वाटंला, गं बाई, चिंच लागली गाभुळी
धाकटीच्या जिभेवर, सदा कडू ती निंबुळी

मंग काय, सुरू झालं. ती म्हणली,

पिंगळीच्या ठेसनात, गं बाई, गाडी थांबती घडीभर
थोरलीचं तोंड काही, थांबंना गं पळभर

ह्यावर ठेसनावरचे हमालसुद्धा मला बघून हसायले. चहाच्या टपरीवर माणसं आज थोरलीची पाळी का धाकटीची म्हणून पैजा लावायची. बन्सीधर दोन्हीकडं चहा प्यायचा आणि दोन्हीकडं काडी टाकायचा. आमी एकमेकींच्या दारात पाय ठेवला न्हाई, मयतीलासुद्धा दोघी दोन टोकाला बसलो, पण तिला खोकला झालेला मला पहिल्या ओळीत कळायचा. तिचा नवरा गेला तवा तिनं बरेच दिवस ओवी दिली न्हाई. मंग एक दिली, आणि त्यातही मला टोचलं. मला बरं वाटलं. म्हणलं, बाई शुद्धीवर आली.

आणि तू. तू उशीवरनं उठून पळत यायचीस, म्हशीच्या अंगावर रेलून ऐकायचीस. शाळेत जाऊन माझी निंबुळी आणि तिची गाडी दोन्ही आवाजात म्हणून दाखवायचीस. मास्तरनं विचारलं मोठेपणी काय होणार, तर म्हणलीस रेडिओत बसणार. पुण्याला शिकलीस, बसलीस. माझी नात रेडिओत हाय म्हणून मी गावाला पेढे वाटले. पुढं ‘गोदाकाठ’चा मालक बदलला, नव्या मालकानं तुला पुण्यात बसूनच त्याच्या कार्यक्रमांची मुख्य केली, मी पुन्हा पेढे वाटले. आता ते पेढे लोकांच्या पोटातनं परत मागायची सोय असती तर मागितले असते.

दिवाळीला आलीस तवा तू मला त्या लॅपटॉपवर एक गोल दाखवलास. रंगीत गोल, पपईची फोड करावी तशा फोडी केलेल्या. त्यातली एक धाग्याएवढी बारीक फोड दाखवून म्हणलीस, आजी, पहाटे ऐकणारे एवढेच हायेत, ही वेळ मेलेली हाय, लोकांना आता गाणी पाहिजेत, तरुण आवाज पाहिजेत, सगळीकडं तसंच चाललंय. मी विचारलं, हे तुला सांगितलं कुणी? तू म्हणलीस, सर्व्हे केला, फोन लावले. बरं, तो फोन मलाही आला होता. एक मशीन बाई बोलायली, आपण रेडिओ ऐकत असाल तर एक दाबा. आता मला सांग, तुझाच रेडिओ आमाला रोज संध्याकाळी काय सांगायचा? अनोळखी फोन आला तर कोणतंही बटन दाबू नका, खातं रिकामं होईल. आमी तुझं ऐकलं! सगळ्या गावानं कट केला. शेजारच्या मनकर्णानं तर फोन ज्वारीच्या कोठीत टाकला, वर पाट ठेवला आणि पाटावर स्वतः बसली. जे रेडिओ मन लावून ऐकत होते त्यांनीच बटन दाबलं न्हाई, आणि तुमच्या गोलात तेच ऐकत न्हाईत म्हणून निघाले. हे मी तुला तवाच सांगितलं. तू हसलीस आणि म्हणलीस, आजी, तू किती क्यूट हायस. क्यूट म्हणजे काय ते मी योगीराजाला विचारलं. त्यानं सांगितलं. कुत्र्याच्या पिल्लाला म्हणतात म्हणं.

मंग सुरू झालं तुमचं नवं. बन्सीधराला घरी बसवलं, तो आता मोबाईलच्या काचा बदलायच्या दुकानात बसतो. मीच एकदा काच बदलायला गेले तवा त्यानं सांगितलं की ती बया परभणीत बसतच न्हाई. ती पुण्यात बसून आठवड्याची बडबड एका दिवसात करून ठेवती, तीच बडबड पाच-सहा गावांना वाजती, मधी फक्त गावाचं नाव चिकटवतात. म्हणून ‘लव्ह यू’ एका आवाजात येतं आणि ‘परभणी’ दुसऱ्याच. म्हणजे ती रिमझिम दुसऱ्याच गावची, तीही शिळी. शिळी भाकरी चालती, शिळं आभाळ कसं चालल? आणि आता हळदीचं ऐक. शिजवलेली हळद घरोघरी उघड्यावर वाळत घातली होती. आधी असं आभाळ फिरलं की बन्सीधर गाणं मधीच तोडून ओरडायचा, माल झाका, माल झाका. त्या दिवशी आभाळ काळं झालं आणि तुमच्या रेडिओवर कायतरी स्पर्धा चालली होती, पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगा आणि पिझ्झा जिंका. मी शेतात, रेडिओ कमरेला, आणि हळदीवर गारा. आमच्या गल्लीत एकाही घरची हळद सुकी राहिली न्हाई. पिझ्झा कुणी जिंकला तेवढं कळव.

त्याच्याही पुढचं परवा कळलं. रेडिओचा तो लाल दिव्याचा उंच खांब उतरवणार म्हणं तुमी. पाऊसकाळ लागायच्या आत सगळं मोबाईलच्या ॲपात. तुझा बाप मला समजावतो की भविष्य तेच हाय, आई, खांबाचा खर्च परवडत न्हाई. त्याला बैलाचा खर्चही परवडला न्हवता, आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर मिळायची वाट बघत पेरणी वाया घालवतो. ॲप शेणाच्या हातानं उघडत न्हाई, अर्पिता. त्याला रेंज लागती, रिचार्ज लागतो, डोळे लागतात. रेडिओला दोन सेल आणि एक कान. ज्यानं हे ॲप काढलं त्याच्या आजीला दिसतही असंल आणि वाचताही येत असंल. बोरीच्या आजीला दोन्ही न्हाई. तिच्या डोळ्यांत कधीचा पडदा आलाय.

आता मुद्द्यावर येते. तुमी ‘पहाटेचं दळण’ बंद केलं त्याच्या आधल्या आठवड्यात कस्तुराची ओवी लागली होती. तू ऐकली नसशील, तू तवा नव्या नावाचे कागद रंगवायलीस. मी ऐकली.

हिरवं गं लुगडं, बाई, अजून हाय पेटीत
घडी मोडायाला यावं, थोरलीनं भेटीत

तुला पुण्यात हे कळत नसंल म्हणून सांगते. आपल्याकडं बाई नव्या लुगड्याची पहिली घडी जिवाभावाच्या माणसाकडून मोडून घेती. आधी तू एकदा नेस, मंग मी नेसते. म्हणजे एवढ्या वर्षांनी तिनं मला घरी बोलावलं, आणि सगळ्या जिल्ह्यापुढं बोलावलं. माझी म्हैस पान्हवून उभी राहिली तरी मी आचळाला हात लावला न्हाई. बन्सीधर पुढच्या फेरीला आला. मी उत्तर गायले. काय गायले ते तुला कागदावर देणार न्हाई, पण येते म्हणून गायले, एवढं समज. तो यंत्र घेऊन गेला, आणि त्याच आठवड्यात तुमी फेरी बंद केली, दळण बंद केलं, त्याला काढलं. माझं उत्तर वाजलंच न्हाई. तो म्हणतो, आक्का, ते मशीनीत तसंच पडलंय, मला आता आत कुणी सोडत न्हाई.

कस्तुराला ह्यातलं काही ठाऊक न्हाई. तिला एवढंच ठाऊक हाय की तिनं हात पुढं केला आणि थोरली गप बसली. तिची सून राजेश्री परवा दवाखान्यातनं परस्पर माझ्याकडं आली होती, सासूला न सांगता. म्हणली, मावशी, डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. आता काही करण्यासारखं राहिलं न्हाई. कस्तुराला हे सांगितलेलं न्हाई, साधी कावीळ हाय, उतरल, असं सांगितलंय, आणि तिनं ते खरं मानलंय. उशाला रेडिओ ठेवून घेतलाय. पहाटे उठून तुझ्या त्या बयेचं खिदळणं शेवटपर्यंत ऐकती आणि म्हणती, आजही न्हाई लागलं, थोरली खुन्नस काढायली, पण लावल, तिला गप बसवत न्हाई. राजेश्री सांगून रडली. मी तिला म्हणलं, डोळे पूस, तुझ्या ह्या रडक्या आवाजानं म्हातारीला सगळं कळल.

तू म्हणशील, आजी, एसटीत बस आणि बोरीला जा. तुझा बापही तेच म्हणतो. जाऊ कशी? मी दारात उभी राहिले की तिला त्याच घडीला कळल की तिचं काही खरं न्हाई. ही दगडाबाई ओवीचं उत्तर न देता बोरीला आली म्हणजे डॉक्टर हरलाय, एवढं ती ओळखती मला. माझ्या पायताणाचा आवाज हेच तिला डॉक्टरचं सांगणं होईल. पण पहाटे रेडिओवर माझी ओवी लागली तर तिला वाटल, चला, दळण पुन्हा सुरू झालं, थोरलीचं डोकं ठिकाणावर आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाहुणी म्हणून जाईन, मानानं, घडी मोडायला. मंग मी तिच्या खाटेशी बसले तरी तिला भ्यायचं कारण न्हाई. एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं, न्हाई तर तुझ्या बयेसाठी मी शाई वाया घालवली नसती. तू तिथल्या कार्यक्रमांची मुख्य हायस ना? मंग मशीनीतनं माझी ओवी काढ आणि जुन्या वेळंला लाव. खाली तबला-पेटी काही घालू नको. ही आमच्या आजीची भावनिक गोष्ट, असलं काही आधी बोलू नको, त्या बयेला तर जवळही फिरकू देऊ नको. नुसतं ‘पहाटेचं दळण’ म्हणायचं आणि लावायचं, जसं कालही लागलं होतं. मालक ओरडला तर ओरडू दे, खांब तसाही पाडायचाच हाय त्याला. कस्तुराजवळ फार दिवस न्हाईत, आणि तुमच्या खांबाजवळही न्हाईत. आणि बन्सीधराला यंत्र देऊन त्याच दिवशी बोरीला धाड.

आशीर्वाद ओवी लागल्यावर देईन.

तुझीच आजी,
दगडाबाई, पिंगळी

ह्या पत्राला तू उत्तर लिहायचं न्हाई, तुझ्या बापानं मधी फोन करायचा न्हाई. उत्तर कस्तुरानं द्यायचं, स्वतःच्या तोंडानं, रेडिओवर, आणि त्यात मला टोमणा पाहिजे. बिनटोमण्याचं उत्तर मी घेणार न्हाई.